"तिची आई परत आली तर?"

मूल दत्तक घेणारे आईवडील समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसले की प्रतीक्षायादी, कागदपत्रं, नातेवाईक काय म्हणतील, सगळं बोलून होतं. आणि उठता उठता एक प्रश्न येतोच, "मॅडम, तिची आई परत आली तर?" मूल घरात रुळलेले आईबाबासुद्धा हेच विचारतात. म्हणून एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी दोन वर्षांची होत आलेली. दत्तक आदेश हातात पडलेला. तरी आई तिला अंगणात एकटी सोडत नव्हती. अनोळखी बाई मुलीकडे बघून हसली तरी हिच्या पोटात गोळा यायचा. पहिल्याच भेटीत तिनं पर्समधून एक कागद काढला. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची लॅमिनेट केलेली प्रत. "बाजारात जातानासुद्धा बरोबर नेते. कुणी अडवलं तर?"

नवरा वैतागला होता. "हिला कायदा दहा वेळा समजावलाय."

मीही समजावला, कारण अर्धवट माहितीतूनच पुष्कळशी भीती येते. जन्मदात्या आईला मूल दत्तकासाठी सोपवायचं असेल तर बाल कल्याण समितीसमोर यावं लागतं. आधी तिच्याशी बोलतात, मदत मिळाली तर मूल ठेवता येईल का ते पाहतात. मग समर्पणपत्रावर सही. अविवाहित आईची सही पुरते. लग्नाचं जोडपं असेल तर दोघांची लागते. सहीनंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत तिनं मूल परत मागितलं नाही, तरच समिती ते दत्तक देण्यास मुक्त असल्याचं जाहीर करते, आणि त्यानंतरच 'कारा' या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेमार्फत तुमच्यापर्यंत त्याची माहिती येते. म्हणजे ज्या दोन महिन्यांची तुम्हाला धास्ती, ते तुम्ही बाळाचा फोटो पाहण्याआधीच संपलेले असतात. सप्टेंबर 2022 पासून आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, एवढाच बदल. आदेश झाला की मूल कायद्यानं पूर्णपणे तुमचं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. "ओळखीच्या नर्सनं बाळ दिलं, स्टँपपेपरवर लिहून घेतलंय" असं सांगणारेही येतात. त्यांची भीती मात्र खरी आहे. तो कागद म्हणजे समितीसमोर दिलेली संमती नव्हे. असा परस्पर व्यवहार गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे देऊन मिळवलेली संमती तर संमतीच नव्हे.

या जोडप्याचं सगळं रीतसर होतं, तरी भीती हलेना. माझा अनुभव असा, की पुरावे देऊनही जी भीती जात नाही तिच्याखाली दुसराच एखादा विचार ठाण मांडून बसलेला असतो. तो सापडेपर्यंत मी सल्ला देत नाही. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगून तिला विचारलं, "ती बाई दारात आली असं समजू. काय म्हणेल ती?"

बराच वेळ ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "म्हणेल, माझं दे. आणि मला वाटेल, हिचंच तर आहे. दुसरीच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटतं हो मला."

गाठ इथे होती. ही चोराच्या मनानं आई झाली होती. आई एकच असते, तेव्हा आपण खरी नाही, हे तिनं धरून ठेवलं होतं. आदेशाचा कागद त्याला काय करणार?

समर्पणाआधी मी जन्मदात्या आयांशीही बोलते. या मुलीची आई मी पाहिलेली नव्हती. पण अशाच एका आईनं सही करण्याआधी विचारलेलं मी हिला सांगितलं. "रात्री रडली तर तिला उचलून कोण घेईल?" आपण घेऊ शकणार नाही, हे त्या पोरीला नीट कळलं होतं. तिला फक्त घेणारं कुणीतरी हवं होतं.

ही ढसाढसा रडली. मग म्हणाली, "मी घेते की. रोज रात्री मीच उठते."

"मग तुम्ही घास उचललात की तिनं मागितलं ते केलंत?"

त्या दिवसानंतर आमचं बोलणं बदललं. जन्मदात्या आईला शत्रू किंवा पापी ठरवलं की मुलीच्या निम्म्या गोष्टीला कुलूप लागतं, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. ज्या घरात तिचा उल्लेख सहज होतो, तिथली मुलं जास्त निर्धास्त असतात, असं माझं ठाम मत आहे. कायदाही मुलांना आपली मुळं शोधू देतो: अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः, त्याआधी दत्तक पालकांसह अर्ज करून. समर्पण करतानाच आईला याची कल्पना दिलेली असते. तिनं ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घ्यावी लागते.

शेवटच्या भेटीत प्रश्न वेगळा होता. "एवढीशीला सांगायचं काय?" मी म्हटलं, आजपासून सांगा. "तू एका आईच्या पोटातून आलीस, आणि आम्ही तुला घरी आणायला आलो." तिला अर्थ नंतर कळेल, पण सांगताना तुमचा आवाज आत्ताच सरावू दे. शेजारणीच्या तोंडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. आणि दत्तक घेताना मिळालेल्या तिच्या अहवालात जे नाही, ते रचून सांगू नका.

बाबांनी तिथल्या तिथे मोबाईलवर ते वाक्य लिहून घेतलं. "आणायला" ऐवजी "न्यायला" म्हणू का, असं तिनं विचारलं. म्हणा की, तुमच्या घरच्या भाषेत म्हणा.