वाचकांचे प्रश्न : मेंडोटा तलावाकाठची वाट

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकतो. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. विद्यापीठाच्या आवारातच तलावाकाठी फिरायला चांगली वाट आहे, असे तो सांगतो. यांचे गुडघे दुखत असल्यामुळे चढण जमत नाही. सपाट जमिनीवर मात्र ते पाऊण तास सहज चालतात. ही वाट आम्हाला झेपेल का? आणि उन्हाळ्यात तलावाचे पाणी हिरवे होते म्हणतात, ते कशामुळे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : नक्की झेपेल, फक्त सुरुवात कुठून करायची हे नीट ठरवावे. मेमोरियल युनियन या विद्यापीठाच्या विद्यार्थी-केंद्राच्या मागून निघणारी वाट मेंडोटा तलावाच्या दक्षिण काठाने पश्चिमेकडे जाते आणि सुमारे तीन किलोमीटरवर पिकनिक पॉइंट या चिंचोळ्या भूशिराच्या तोंडाशी पोहोचते. तिथून टोकापर्यंत आणखी दीड किलोमीटर. हे सगळे अंतर एका दमात जाऊन परत येण्याच्या भानगडीत आपण पडू नये. विद्यापीठाच्या आवारात फिरणाऱ्या ८० क्रमांकाच्या मोफत बसने थेट पिकनिक पॉइंटपर्यंत जावे आणि तिथून चालायला सुरुवात करावी. वाट रुंद, खडीची आणि बहुतेक सपाट आहे. टोकाशी शेकोटीसाठी केलेले दगडी रिंगण आहे. तिथे निवांत बसून मग परतावे. पाय कुरकुरू लागले, तर अर्ध्यावरून मागे फिरण्यातही काही बिघडत नाही, कारण डाव्या हाताला खुला तलाव आणि उजव्या हाताला खाडीसारखे शांत पाणी हे दृश्य वाटेत झाडांमधून दिसत राहते. ओंडका पाण्यात पडलेला असेल तिथे थोडे थांबून पाहा; पिवळ्या रेषांच्या मानेची कासवे त्यावर रांगेने ऊन खात बसलेली असतात.

टोकाच्या घाईत एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू देऊ नये. या भूशिरावर वाटेजवळ गवताने झाकलेले बुटके उंचवटे आहेत. काही गोल, काही लांबट. पाहणाऱ्याला ते साधे मातीचे ढीग वाटतील, पण ती इथल्या मूळ रहिवाशांनी हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी रचलेली दफनस्थाने आहेत आणि हो-चंक या इथल्या मूळ जमातीचे लोक त्यांना आपल्या पूर्वजांची जागा मानतात. त्यांवर चढू नये, बसू नये, फोटोसाठीसुद्धा नाही. माझ्या मते या संपूर्ण वाटेवर थांबण्याजोगी सर्वांत मोलाची जागा हीच आहे.

युनियनपासूनच्या काठावरच्या वाटेला हॉवर्ड टेमिन यांचे नाव दिलेले आहे. आरएनएवरून डीएनए तयार करणाऱ्या विकराच्या शोधासाठी त्यांना १९७५चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, आणि कामावर ते याच वाटेने सायकलवरून ये-जा करीत. त्या वाटेवर आजही सायकली असतात, म्हणून एक सूचना. आपल्याकडे डावीकडून चालायची सवय असते. तिथे उजव्या कडेने चालतात. मागून कोणी ‘ऑन युवर लेफ्ट’ असे म्हणाले, तर तो सायकलस्वार तुमच्या डावीकडून पुढे जाणार आहे, असे समजावे आणि गडबडून डावीकडे सरकू नये. पिकनिक पॉइंटच्या वाटेवर सायकलींना बंदी असल्यामुळे तिथे ही चिंता नाही, आणि गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी मी तोच भाग सुचवतो, त्याचे हेही एक कारण आहे.

पाण्याच्या रंगाबद्दल. तलावाभोवतीच्या परिसरात शेती आणि दुग्धव्यवसाय मोठा आहे. खतांतील आणि शेणातील फॉस्फरस पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांतून तलावात येतो, तळाच्या गाळात साठून राहतो आणि पाणी तापले की नील-हरित जिवाणू त्यावर झपाट्याने वाढतात. त्यांतील काही प्रकार विषारी द्रव्ये सोडतात. म्हणून काठाशी हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, तर पाण्यात हातपाय बुडवू नयेत. पाणी स्वच्छ दिसत असेल, त्या दिवशी तेवढे बंधन नाही. या तलावाचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे आणि सरोवरशास्त्राची अमेरिकेतील पायाभरणी बर्ज आणि जूडे या शास्त्रज्ञांनी इथेच केली. हिवाळ्यात तलाव किती दिवस गोठलेला असतो याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत आणि तो काळ तेव्हापेक्षा सुमारे महिन्याने आखडला आहे. मुलाला विचारून युनियनजवळच्या सरोवरशास्त्र केंद्राची काठावरची इमारत जाता-येता बाहेरून तरी पाहावी.

उरल्या दोन गोष्टी. वाट सोडून गवतात शिरू नये. तिथे अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही ही वेल असते, शिवाय लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीही. फिरून आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासावी. आणि जुलैत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला निघालात तरी घाई होणार नाही. मात्र वाटेवर दिवे नाहीत, तेव्हा उजेड असतानाच बसथांब्यापाशी परत यावे.