हिरवी शिट दिसली म्हणजे मानमोडीच असं नसतं, ताई

ताई, कोंबडी दोन दिवस पिसं फुगवून कोपऱ्यात बसलीय, दाणा टिपत नाही, हिरवी शिट टाकतीय, आणि कुठलं अँटिबायोटिक देऊ असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या तांबडीचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तासगावकडं द्राक्षबाग आहे आणि परड्यात पंधरा-वीस कोंबड्या असतात, एवढाच अनुभव.

वेगळी ठेवलीच असेल, पाणीही ठेवलं असेल, ते सांगत बसत नाही. माझं काय चुकलं ते सांगतो.

मी तिला डालग्यात घालून एका सरकारी ठिकाणी घेऊन गेलो, नाव नको. साहेब मीटिंगला गेलेले आणि जे होते त्यांनी डालग्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही, लांबूनच "हिरवं हगतीय का? मग मानमोडी, बाकीच्या आत्ताच काढून टाका" म्हणाले (मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा झपाट्यानं पसरणारा रोग), एक पावडर दिली आणि रजिस्टरवर सही घेतली. सही मात्र आठवणीनं घेतली! मी घाबरून त्याच आठवड्यात नऊ चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या बाजारात मिळंल त्या भावाला दिल्या. आता वाटतं, खरंच मानमोडी असती तर मी ती दुसऱ्याच्या खुराड्यात पोचवली असती, म्हणजे तो सल्ला दोन्हीकडनं चुकीचाच.

तांबडी पाचव्या दिवशी मेली. शेजारच्या मामांनी फाडून दाखवली तर गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी टणक, आत वाळलं गवत आणि वेल बांधायची सुतळी, सगळं पिळून दोरखंडासारखं झालेलं. खरड छाटणीनंतर बागेत सुतळीचे तुकडे पडतात, ते तिनं गिळले होते. मी पाच दिवस पावडर पाजत होतो आणि एकदाही तिच्या गळ्याला हात लावला नव्हता.

हिरव्या शिटेचं म्हणाल तर कोंबडी उपाशी राहिली की पोटात काही नसतं, नुसतं पित्त बाहेर पडतं म्हणून ती हिरवी दिसते. कुठल्याही कारणानं खाणं बंद झालं की हे होतं. मानमोडीत पण हिरवी हगवण असते हे खरं, पण ती सहसा एकीवर थांबत नाही, लस नसलेल्या कळपात दोन-चार दिवसांत बाकीच्या पण पडायला लागतात, धापा, मान वाकडी, पाय-पंख लुळे असं दिसतं. लस दिलेल्यांत मात्र लक्षणं सौम्य असू शकतात, त्यामुळं छातीठोक मी पण सांगणार नाही.

तुम्ही आज रात्री दाणा काढून घ्या, पाणी राहू द्या. पहाटे काही खायच्या आधी मानेच्या बुडाशी, छातीच्या वर जरा उजवीकडं चाचपून बघा. रिकामी लागली तर ती पिशवी ठीक आहे. कणकेच्या गोळ्यासारखी टणक लागली तर अडकलंय, आणि पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी लागून तोंडाला आंबूस वास आला तर आत आंबलंय. यूट्यूबवर उलटी धरून ओकायला लावतात ते करू नका, पाणी श्वासनळीत जाऊन जागेवर मरू शकते. जनावरांच्या डॉक्टरकडं न्या आणि "पिशवी बघा" असं तोंडानं सांगा. पिशवी ठीक असेल आणि ती शेपूट खाली टाकून उभी राहून कळा देत असेल तर अंडं अडकल्याची शंका घ्या.

अँटिबायोटिक आपल्या मनानं नको हे माझं मत, लोक हसतात तरी. दिलंच तर तेवढे दिवस आणि नंतर डॉक्टर सांगतील तोवर अंडी पोरांना देऊ नका.

आणि देव न करो, पण मेलीच तर पुरून टाकू नका, डीप फ्रीजरमध्ये पण नको, आतलं सगळं खराब होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी तपासणीला न्या, तुम्हाला कोरेगावहून शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज जमण्यासारखं आहे, आधी फोन करून विचारा. एकदम तीन-चार मेल्या तर मात्र घरी फाडायच्या नाहीत, हात न लावता कळवायचं. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लूनं काय झालं ते आठवतंय ना.

पहाटे पिशवी कशी लागली ते इथंच लिहा, मी पाच वाजता पाणी सोडायला उठतोच.