अर्रायगो, म्हणजे मूळ धरणं

प्रश्न : भाऊ बार्सिलोनात एका खोलीत भाड्यानं राहतो. व्हिसा संपलाय. मालक म्हणतो, पत्त्यावर नाव लावू देणार नाही. नाव नाही लावलं तर काय बिघडतं?

फार बिघडतं. 'पाद्रोन' ही तिथल्या नगरपालिकेची रहिवाशांची नोंदवही. त्या गावात राहणाऱ्या प्रत्येकानं तिच्यात नाव घालायचं, कागदपत्रं नसलेल्यानंसुद्धा. नाव लागलं की एक तारीख पडते आणि पुढचं बरंचसं त्या तारखेपासून मोजतात. सरकारी दवाखान्याचं कार्ड काढायलाही हाच दाखला पुढे करावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'अर्रायगो'. शब्दाचा अर्थच मूळ धरणं. विनापरवाना राहिलेल्याला नियमित होण्याची ही वाट. मे २०२५पासून बहुतेक प्रकारांत २ वर्षांचं वास्तव्य पुरतं. नोकरीच्या आधारे अर्ज केला तर आठवड्याला किमान २० तासांच्या कामाचा करार लागतो. तो मिळाला, पण २ वर्षं राहिल्याचा पुरावाच नाही, अशी वेळ भावावर येऊ नये.

त्याच्या नावे भाडेकरार असेल तर मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. करार नसेल तरी नगरपालिकेत जावं आणि 'मी इथंच राहतो' असं सांगावं. ते पडताळणी करू शकतात. पैसे घेऊन खोटा पत्ता देणाऱ्यांच्या नादी मात्र कृपा करून लागू नका. आणि दर २ वर्षांनी नोंद नवी करायला विसरू नका, नाहीतर नाव कमी होतं.

प्रश्न : कोलंबियाच्या माणसाला २ वर्षांत स्पेनचं नागरिकत्व, आपल्याला १०. असं का?

जुन्या स्पॅनिश साम्राज्याचा हिशेब आहे हा. लॅटिन अमेरिकेबरोबर फिलिपिन्स आणि विषुववृत्तीय गिनीही त्या यादीत आहेत. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. पण कोलंबियाची नर्स स्पॅनिश बोलते म्हणून तिचं सगळं सोपं झालं असं समजू नका. पदवीला मान्यता मिळेपर्यंत ती कुणा म्हाताऱ्या आजींची रात्रंदिवस सेवा करत असते.

प्रश्न : आम्ही पुण्याहून बार्सिलोनाला जातोय. मुलगी ८ वर्षांची. शाळेत कॅटलान कशाला?

कॅटलान ही तिथली स्थानिक भाषा, आणि सरकारी शाळेचं मुख्य माध्यमच ते आहे. महाराष्ट्रात आलेल्या मुलाला मराठी यावी असं आपण म्हणतो ना, तसंच त्यांचं. नव्यानं आलेल्या मुलांसाठी बऱ्याच शाळांत स्वागतवर्ग असतो, तिथं भाषेची सुरुवात करून देतात. निघण्याआधी तिला 'बोन दिया', म्हणजे शुभ दिवस, म्हणायला शिकवा. कोपऱ्यावरच्या पाववाल्याशी ओळख तिथून होते.

प्रश्न : नागरिकत्वाची परीक्षा अवघड असते का?

नाही. इन्स्तितुतो सर्वांतेस या स्पॅनिश भाषेच्या सरकारी संस्थेच्या चाचणीत २५ प्रश्न, १५ बरोबर आले की पास. शिवाय ए-२, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीचं स्पॅनिश लागतं. अवघड आहेत ती १० वर्षं : कायदेशीर आणि सलग हवीत. अर्रायगो मिळण्याआधीची वर्षं त्यात धरत नाहीत. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्पॅनिश झालात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल; मग हवं तर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, काढता येतं.