कासवाची पाठ, कासवाचं कवच आणि मारिओतला खुशालचेंडू

सोलापुरातल्या जोडभावी पेठेतल्या एका ताईंनी विचारलं आहे : "माझी नऊ वर्षांची मुलगी मारिओ हा जुना व्हिडिओ गेम खेळते. परवा ती ओरडली, 'आई, मी कासवाचा शंख उडवला!' मी म्हटलं, शंख गोगलगाईचा असतो, कासवाचा नाही. तर म्हणे, मग कासवाचं काय असतं? मला शब्दच सुचेना. टरफल? शिंपला? कवच? शिवाय सासरे सांगतात की त्या कासवाचं 'कूपा' हे नाव आपल्या 'कूर्म'वरूनच गेलंय. हे खरं आहे का? आणि आम्ही लहानपणी त्याला बदक म्हणायचो. तसं म्हणणारे आम्हीच होतो का?"

ताई, तुम्हाला शब्द सुचला नाही याचं कारण तुमची मराठी कमी पडली हे नव्हे. इंग्रजीतल्या 'शेल'ला मराठीत एकच एक शब्द नाहीच. आत कोण राहतं ते पाहून आपण शब्द निवडतो. शेंगेचं टरफल, नारळाची करवंटी, गोगलगाईचा शंख, कालवाचा शिंपला, अंड्याचं कवच किंवा टरफल. यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला की कानाला लगेच खटकतं. सोलापुरात शेंगा खात मोठं झालेलं पोर 'शेंगेची करवंटी' असं झोपेतसुद्धा म्हणणार नाही.

मग कासवाचं काय? जुन्या मराठीचं उत्तर अगदी साधं आहे : पाठ. कासवाची पाठ. आजीला विचारून पाहा, 'कासवाची पाठ टणक असते' असंच ती म्हणेल, 'कासवाचं कवच टणक असतं' असं बहुधा म्हणणार नाही. संस्कृतातही मधे फुगीर आणि कडांना उतरत्या आकाराला 'कूर्मपृष्ठ' म्हणतात. श्रीयंत्राच्या एका घडणीला हाच शब्द लावतात. तिथेही पृष्ठ म्हणजे पाठच.

हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण तो शरीरशास्त्राला धरून आहे. कासवाचा कणा आणि बरगड्या त्या टणक भागाशी एकजीव झालेल्या असतात. ते अंगावर चढवलेलं चिलखत नाही, तो सांगाडाच आहे. कासव त्यातून बाहेर येऊ शकत नाही, जसे आपण आपल्या बरगड्यांतून बाहेर येऊ शकत नाही. ज्यांनी 'पाठ' म्हटलं त्यांनी कासव चिरून पाहिलं नसेल, पण नीट पाहिलं होतं हे नक्की.

अडचण येते ती मारिओमुळे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानात सप्टेंबर १९८५ मध्ये आला. त्यात पहिल्याच पातळीवर एक हिरवं कासव चालत येतं. त्याच्यावर उडी मारली की ते डोकं-पाय आत घेतं आणि नुसती पाठ जमिनीवर उरते. तिला धक्का दिला की ती सुसाट सुटते, वाटेत येईल त्याला उडवते, पाइपला आपटून उलट फिरते आणि आपण बेसावध असलो तर आपलाच जीव घेते. आता या सुसाट सुटलेल्या वस्तूला 'पाठ' कसं म्हणायचं? 'मी कासवाची पाठ सोडली' म्हटलं तर मराठी माणसाला वेगळंच ऐकू येईल. पाठ सोडणे म्हणजे पाठलाग थांबवणे. इथे तर नेमकं उलट घडतं, ती पाठ आपल्याच पाठीस लागते!

म्हणून सुटी झालेली ती वस्तू म्हणजे कवच, असं माझं मत आहे. कवच हा शब्द मराठी माणसाला सर्वांत आधी कर्णाची आठवण करून देतो. कर्णाचं कवच जन्मापासून अंगाचंच होतं, तरी त्याने ते उतरवून इंद्राला दिलं. म्हणजे अंगाचं असूनही अंगावेगळं होऊ शकतं, ही छटा या शब्दात मुळातच आहे. मारिओच्या जगात पुढे हेच घडतं. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये उडी मारल्यावर कासव चक्क कवचाबाहेर पडतं, उघड्या अंगाने इकडेतिकडे फिरतं आणि संधी मिळाली की परत आत शिरतं. खऱ्या कासवाला जे अशक्य, ते या कासवाला सहज जमतं. तेव्हा कासव चालत असेल तोवर त्याची पाठ, आणि घसरत सुटलं की कवच. दोन्ही शब्द वापरा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तुमच्या लेकीने 'शंख' म्हटलं, त्यासाठी तिला रागावू नका. तिने चूक केली, पण विचार करून केली. शंख ही आपल्या अनुभवातली अशी वस्तू आहे जी जिवाचं घर असते आणि जीव नसतानाही हातात धरता येते, देवघरात ठेवता येते, फुंकता येते. रिकामं, सुटं घर म्हणून तिला तो शब्द आठवला. टरफल मात्र चालणार नाही. टरफल म्हणजे आतलं खाऊन झाल्यावर उरलेला कचरा. टरफलाला कुणी घाबरत नाही, आणि हे कवच समोरून येताना दिसलं की भल्याभल्यांची बोटं बटणावर थिजतात.

इथे मला माझं लहानपण सांगायलाच हवं. आम्ही साखर पेठेत राहायचो. १९९५-९६ च्या आसपास गल्लीत एकाच घरात व्हिडिओ गेम होता, आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारून परत लावायची हे शास्त्र सगळ्यांना पाठ होतं. माझा जवळचा मित्र पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, वडिलांचे यंत्रमाग. तो त्या कवचाला 'चिप्पा' म्हणायचा. "चिप्पा येतोय, उडी मार!" आम्हीही तेच म्हणू लागलो. तो शब्द त्याने तयार केला असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मोठेपणी कळलं की तेलुगूत 'चिप्प' आणि कन्नडात 'चिप्पु' हे शब्द आहेतच, आणि ते नारळाच्या करवंटीला, शिंपल्याला आणि कासवाच्या पाठीलाही सारखेच चालतात. म्हणजे मराठी जिथे वेगवेगळे शब्द वापरते तिथे आपल्या शेजारच्या दोन्ही भाषा एका शब्दात भागवतात. मित्राला घरातूनच मिळालेला तो शब्द होता, आणि त्या खेळासाठी आमच्या शब्दांपेक्षा नेमका होता.

आणखी एक गंमत. आपल्या 'शिंप', 'शिंपला' या शब्दांमागे प्राकृत 'सिप्पी' आहे, आणि सिप्पीचं द्राविडी 'चिप्पि'शी नातं अभ्यासकांनी मांडलेलं आहे. म्हणजे मित्राचा चिप्पा आणि आमचा शिंपला हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच नळावर पाणी भरतात. इथल्या मुलाने 'चिप्पा' म्हटलं तर मी त्याला अशुद्ध म्हणणार नाही. सोलापूरचा शब्द म्हणून तो वापरावा, असंच मी म्हणेन.

त्याच मित्राचं दुसरं एक वाक्य मी विसरलेलो नाही. दोन पाइपांच्या मधे अडकून कवच इकडून तिकडे, तिकडून इकडे आपटत राहिलं की तो म्हणायचा, "बघ, धोट्यागत करतंय." ज्याने वडिलांच्या मागावर आडवं सूत घेऊन धावणारा धोटा रोज पाहिला आहे त्यालाच ही उपमा सुचणार. तिच्याहून चपखल उपमा मला आजवर सापडलेली नाही.

आता सासऱ्यांचा प्रश्न. कूपा आणि कूर्म यांचा संबंध नाही. ध्वनी जुळतात, अर्थही जुळतो, म्हणून मोह होतो, पण शब्दांच्या बाबतीत असे मोह फसवे ठरतात. जपानीत या खेळातल्या खलनायक राजाचं नाव 'कुप्पा'. हा खेळ घडवणारे शिगेरू मियामोतो यांनी ते एका कोरियन पदार्थावरून घेतलं. रस्सा आणि भात एकत्र असलेला तो पदार्थ, कोरियनमध्ये 'गुकबाप'. त्याचं जपानी रूप कुप्पा, आणि ते इंग्रजीत जाताना कूपा झालं. पुढे राजाच्या फौजेतल्या या कासवांनाही तेच आडनाव चिकटलं.

पण त्या साध्या कासवाचं जपानी नाव वेगळंच आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आनंद त्या नावाने दिला. जपानी मुलं त्याला 'नोकोनोको' म्हणतात. हा अनुकरणवाचक शब्द आहे, आपल्या तुरुतुरु, लुटुलुटु, दुडुदुडु यांच्या जातीचा. आजूबाजूला काय चाललंय याची फिकीर न करता आपल्याच नादात चालत येणं, हा त्याचा अर्थ. मराठीत या अर्थाला कोणता शब्द? तुरुतुरु नाही, त्यात लगबग आहे. दुडुदुडु नाही, त्यात बाळपण आहे. लुटुलुटु जवळ येतो, पण त्यात थोडी केविलवाणी ओढाताण आहे, मोठ्यांच्या मागे धावणाऱ्या लहान पावलांची. नोकोनोकोत केविलवाणं काही नाही. मला वाटतं त्याचा मराठी अर्थ 'खुशाल' असा आहे. "एवढा गोंधळ चाललाय आणि हा खुशाल चालत आला!" या वाक्यातलं जे खुशाल, तेच.

आणि खुशाल म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो : खुशालचेंडू. कसलीही काळजी नसलेला, आपल्या मस्तीत जगणारा माणूस. हिरवं कासव पाहा. समोर खड्डा आला तरी ते थांबत नाही, सरळ चालत जाऊन आत पडतं. खुशालचेंडू म्हणतात तो हाच. वरून त्याला टप्पा दिला की तो खरोखरच चेंडूसारखा घरंगळत सुटतो. लाल कासवाला मात्र हे नाव शोभणार नाही. ते कडेला आलं की मागे वळतं, त्याला आपल्या जिवाची काळजी आहे. नोकोनोकोचं मराठी भाषांतर करायची वेळ कधी आली, तर मी हिरव्यासाठी बेधडक खुशालचेंडू लिहीन.

कासव या शब्दाबद्दलही थोडं सांगतो, कारण सासऱ्यांना मुळांची आवड दिसते. कासव कूर्मावरून आलेलं नाही, ते संस्कृत कच्छपावरून आलं. प्राकृतातला 'च्छ' मराठीत येताना पुष्कळदा 'स' होतो आणि हिंदीत तो 'छ' राहतो. म्हणून आपलं कासव आणि त्यांचा कछुआ. आपला मासा आणि त्यांची मछली, आपलं वासरू आणि त्यांचा बछडा, आपलं (विचारणं या अर्थाचं) पुसणं आणि त्यांचं पूछना, हे सगळे याच नियमातले. कूर्म मराठीत आला तो पोथ्या-पुराणांतून, दुसऱ्या अवताराचं नाव म्हणून आणि इंद्रियं आवरण्याची उपमा म्हणून. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं वर्णन करताना अंग आत ओढून घेणारं कासव येतं, ते कूर्म म्हणूनच. शंकराच्या देवळात मंडपाच्या फरशीत जे कोरलेलं असतं त्याला मात्र सगळे कासवच म्हणतात.

'ते कासव', 'ती कासवं', हे लिंगवचनही मुलीला सांगा. खेळाच्या भरात 'तो कासव' ऐकू येतं. नाव खुशालचेंडू ठेवलं तर मात्र तो चालेल.

राहिलं बदक. तसं म्हणणारे तुम्ही एकट्या नव्हता. आमच्या गल्लीतही अर्धी मुलं बदकच म्हणायची, आणि त्यांची बाजू भक्कम होती. १९८५ च्या त्या चित्रात ठिपके मोजके, रंग त्याहून मोजके. लांबट तोंड पुढे आलेलं, ते चोचीसारखं दिसतं. मान उंच, चाल डुलती, पाय पिवळट. पुढे तर पंख लावलेली कासवंही येतात, मग बदक नाही म्हणायचं कशावरून? घरातला टीव्ही लहान, आणि कित्येकांचा तर कृष्णधवल. त्याच्यावर हिरवी पाठ दिसणार कुठून! जमिनीखालच्या पातळीत तर ती रंगीत टीव्हीवरही निळसर दिसते. बदक म्हणणाऱ्या मुलांची पंचाईत व्हायची ती उडी मारल्यावर. बदक आत कसं गेलं? आमच्यातला एक ठामपणे सांगायचा की ते बदक अंड्यात परत गेलं. त्या वयात ते मला पूर्ण पटलं होतं, आणि त्या दिवसापुरतं आम्ही सगळ्यांनी त्या कवचाला अंडं म्हटलं होतं.