दुधाचा दात पडेना, एक्स-रेत निघाला दातांचा पुंजका

प्रश्न: डॉक्टर, मुलगी नऊ वर्षांची आहे. वरचा समोरचा एक पक्का दात येऊन वर्ष झालं पण शेजारचा दुधाचा अजून हलत पण नाहीये. सासूबाई म्हणायच्या येईल गं, घाई कशाला. शेवटी एक्स-रे काढला तर हाडात बारीक बारीक दातांचा पुंजका, ओडोन्टोमा म्हणे, काढावा लागेल. ट्यूमर ऐकल्यापासून झोप उडालीये. कॅन्सर तर नाही ना? थांबलं तर चालेल? (एक आई, अकोला)

उत्तर: ताई, आधी कॅन्सरची भीती मनातून काढून टाका, ओडोन्टोमा म्हणजे कॅन्सर नाही. दात बनवणाऱ्या पेशींचीच वाढ भरकटते आणि एकाच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे कितीतरी दात एका पिशवीत तयार होतात. तुमच्या मुलीचा कंपाउंड प्रकार (म्हणजे सुटे सुटे बारीक दात दिसणारा) वाटतोय, तो बहुतेक वरच्या जबड्यात समोरच सापडतो. दुखत नाही, म्हणून तर कळत नाही.

आकडे ऐकून घाबरू नका. २०१४ मध्ये मुंबईच्या जेजेमध्ये बुलढाण्याकडच्या १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढले होते, २०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या तोंडातून ५२६. ही टोकाची उदाहरणं, बहुतेक मुलांत मोजकेच निघतात.

पण थांबू मात्र नका. पुंजका वाट अडवून बसलाय म्हणून वरचा पक्का दात अडकलाय, आणि या वयात त्याचं मूळ अजून तयार होतंय, वाट आत्ता मोकळी झाली तर बऱ्याचदा तो आपला आपण खाली येतो, उशीर झाला की ब्रेसेस लावून बारीक चेनने ओढून आणावा लागतो आणि तोवर शेजारचे दात सरकून जागाही खातात. ऑपरेशन तोंडाच्या आतूनच होतं, चेहऱ्यावर टाका नाही. परत उगवणं फार क्वचित. काढलेला पुंजका बायोप्सीला पाठवणार ना, आणि नंतर पक्क्या दातावर लक्ष कोण ठेवणार, हे दोन प्रश्न सर्जनना आधीच विचारा. माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण पुंजका निघाला की घरचे निर्धास्त होतात आणि दात आत तसाच राहतो.

बाकी वाचकांनो, एका बाजूचा पक्का दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तर एक्स-रे काढाच. जबडा सुजत चालला असेल किंवा पक्के दात हलायला लागले असतील तर सहा महिने पण थांबू नका, अमेलोब्लास्टोमासारख्या गाठी पण कॅन्सर नसतात पण हाड पोखरतात आणि त्यांची ट्रीटमेंट मोठी असते.