क्रोममध्ये नीट दिसणारं पान फायरफॉक्समध्ये आणि आयफोनवर का बिघडतं?

क्रोममध्ये व्यवस्थित दिसणारं मराठी पान फायरफॉक्समध्ये खाली सरकतं, आयफोनवर तळाचं बटण गायब होतं, मग प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारे नियम) लिहावी का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात लिहू नका. पुढे प्रत्येक दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागेल.

एचटीएमएलच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे <!DOCTYPE html> ही घोषणा, आहे ना, ते आधी बघा. नसेल तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या पानांसाठीच्या जुन्या नियमांवर, जातो आणि मापं तिथेच बदलतात. मग दोन्ही ब्राउझर शेजारी उघडून इन्स्पेक्टर (पानातल्या प्रत्येक घटकाची मापं दाखवणारं ब्राउझरमधलं साधन) लावा आणि वरून खाली येत पहिला फरक कुठल्या एलिमेंटवर पडतो ते शोधा. त्याखालचा गोंधळ बहुतेक त्याच्यामुळेच झालेला असतो.

मराठी साइट असेल तर माझा पहिला संशय फॉन्टवर. फॉन्ट-फॅमिलीत नुसतं सॅन्स-सेरिफ हे सर्वसाधारण नाव लिहिलं की देवनागरीसाठी कुठला फॉन्ट घ्यायचा हे सिस्टिम आणि ब्राउझर ठरवतात: विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो. लाइन-हाइट (ओळीची उंची) दिली नसेल तर ती ‘नॉर्मल’ धरली जाते, आणि नॉर्मल म्हणजे किती हे फॉन्टवर अवलंबून. मात्रा आणि उकारांसाठी प्रत्येक फॉन्ट वेगळी जागा सोडतो. मेनूची ओळ चार पिक्सेल वाढली की खालचं सगळं सरकलंच! म्हणून मुक्तासारखा वेबफॉन्ट (पानासोबतच उतरणारा फॉन्ट) जोडा आणि बॉडीला लाइन-हाइट १.६ द्या. बटण, इनपुट, सिलेक्ट बॉडीचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत. त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ लिहावंच लागतं. हे बऱ्याच जणांकडून राहून जातं.

आयफोनचं कारण वेगळं. व्हीएच हे स्क्रीनच्या दिसणाऱ्या उंचीच्या टक्क्यांत मोजणारं एकक; तिथे १००व्हीएच म्हणजे अ‍ॅड्रेस बार आक्रसल्यावरची उंची. बार मोठा असताना तळाचा भाग त्यामागे जातो. हाइट: १००व्हीएच ही ओळ ठेवा आणि तिच्याखाली हाइट: १००डीव्हीएच लिहा; डीव्हीएच बार लहान-मोठा होईल तशी उंची बदलतं. सफारीत हे एकक २०२२ मध्ये, १५.४ आवृत्तीत आलं. जुना ब्राउझर न कळलेली ओळ सोडून वरची घेतो, त्यामुळे क्रम उलटा करू नका. स्क्रोल करताना बटण हलायला लागलं तर एसव्हीएच वापरा; ते बार मोठा असतानाची उंची कायम धरतं.

तपासणी खऱ्या आयफोनवर, सफारीतच करा. लॅपटॉपवर क्रोमची खिडकी लहान करून हा दोष दिसत नाही. आणि आयफोनवरचं क्रोम आपल्याकडे आतून वेबकिट हे सफारीचंच इंजिन वापरतं, त्यामुळे त्याला वेगळी तपासणी समजू नका.