कंपनीचं वर्षाचं धोरण टीमच्या रोजच्या कामापर्यंत कसं पोचवायचं?

यालाच जपानी लोक होशिन कान्री म्हणतात, 1960 च्या दशकात तिकडच्या कारखान्यांत ही पद्धत रुजली. वरच्यांनी वर्षाची दोनतीनच मोठी उद्दिष्टं ठरवायची, पण ती नुसती खाली ढकलायची नाहीत, प्रत्येक टीमला विचारायचं की यातलं तुमच्याकडून काय होईल, कुठे अडतं, मग ते उत्तर परत वर जातं, चेंडू एकमेकांकडे टाकल्यासारखं, म्हणून त्याला कॅचबॉल म्हणतात. खरा जीव इथेच आहे, हे टाळलंत तर भिंतीवर फक्त तक्ता लागतो.

मी रत्नागिरीत आंब्याच्या पल्प युनिटला होतो, तिथे वरून आलं 'वेस्टेज कमी करा', बस्स. निवडणीवरच्या बायकांना विचारलं तर एक मावशी दबलेला हापूस हातात धरून म्हणाल्या, "क्रेट शीग लावून येतात ओ, तळचा आंबा चेपतो, आम्ही काय करणार?" म्हणजे दुखणं खरेदीकडे होतं! मग क्रेट कुठवर भरायचा हे खरेदीवाल्यांचं उद्दिष्ट झालं, आणि चेपलेले आंबे रोज मोजून फळ्यावर लिहायचं आमचं.

आढावा साधारण महिन्याला घेतात, आमचा सीझनच दोन-अडीच महिन्यांचा म्हणून आम्ही दर आठवड्याला घ्यायचो.